चौथीतल्या पोरीच्या चित्रात नारळ कुठून आला?

ताई, तुमचा प्रश्न वाचून चार दिवस झाले, शाळेच्या गडबडीत बसून लिहिणं होत नव्हतं, आज रविवार आहे म्हणून सविस्तर लिहिते. तुम्ही लिहिलंय की मुलगी आता चौथीत आहे, पाचोऱ्याला इंग्लिश मीडियमला जाते, दुसरीपर्यंत आजीला रोज नवीन गोष्ट रचून सांगायची, खडूने ओटा भरवून टाकायची, आणि आता चित्र काढ म्हटलं की तेच दोन डोंगर, मधे सूर्य, नदी, घर आणि बाजूला नारळाचं झाड, गोष्ट सांग म्हटलं तर विचारते "हे एक्झामला आहे का?" आणि तुमचा प्रश्न असा की शाळेने तिची क्रिएटिव्हिटी मारली का, आणि शाळा बदलू का.

मी 2000 साली शिक्षणसेवक म्हणून लागले तेव्हा महिन्याला 3000 रुपये मानधन होतं, पहिली काही वर्षं नंदुरबार जिल्ह्यात धडगावच्या डोंगरात, मग बदली होऊन पारोळा तालुक्यात आणि आता चोपड्याच्या बाजूला, सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतच. त्यामुळे मी जे सांगतेय ते वर्गात बसून पाहिलेलं आहे. शाळा बदलू का याचं उत्तर आधी देऊन टाकते, एवढ्या एका कारणासाठी लगेच बदलू नका. का ते पुढे येईलच.

आधी नारळाचं घ्या. आमच्या शाळेच्या खिडकीतून सातपुडा दिसतो, लांबच लांब निळी रेघ, त्यात त्रिकोण कुठेच नाही. रस्ता ओलांडला की केळीचे बाग. पोरं रोज केळीच्या वाफ्यातून चालत शाळेत येतात आणि चित्रात काढतात नारळ. मी एकदा तिसरीच्या पोरांना विचारलं की आपल्या गावात नारळाची झाडं किती, तर एक मंदिरापाशी आहे म्हणाले, मग सगळ्यांनी नारळच का काढला, तर एक पोरगी म्हणाली, "मॅडम, चित्रामधी तसंच असतं ना." चित्रात तसंच असतं! म्हणजे चित्र ही डोळ्याने बघून काढायची गोष्ट नाहीच, ती आधीच कुणीतरी ठरवून ठेवलेली आहे आणि आपण फक्त बरोबर उतरवायची आहे, हे त्या आठ वर्षांच्या पोरीला पक्कं कळलेलं होतं. आणि हे तिला आम्हीच शिकवलेलं, फळ्यावर काढून दिलं, खाली 'निसर्गचित्र' लिहिलं, ज्याचं फळ्यासारखं आलं त्याला 'छान' दिलं.

मग मी त्यांना सांगितलं, उद्या येताना रात्री घराजवळ जे दिसलं ते बघून या आणि तेच काढा. दुसऱ्या दिवशी त्याच पोरीने अख्खा कागद काळा करून आणला, नुसता पेन्सिलने घासघासून, आणि एका कोपऱ्यात पिवळा ठिपका, त्याच्याखाली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, आणि दोन तारा. काय आहे गं हे विचारलं तर म्हणाली, पप्पा मोटर चालू कराले गेले, ही बॅटरी आहे. शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती. अंधार किती मोठा आणि बॅटरी किती बारीक हे तिने बरोबर पकडलेलं, तिला कुणी प्रमाण वगैरे शिकवलं नव्हतं. म्हणजे ताई, गेलेलं काही नव्हतं, ते विचारलंच जात नव्हतं. तुमच्या मुलीचंही मला तसंच वाटतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की शाळा पोराचं स्वतःचं वाक्य काढून घेते आणि तिथे तयार वाक्य ठेवते. परीक्षा, पुस्तकं, कॉम्पिटिशन, हे सगळं नंतरचं. आणि हे काम पहिलीपासून सुरू होतं, ते पण भाषेपासून.

धडगावला होते तेव्हा माझ्या वर्गात सगळी पावरा आदिवासी पोरं. त्यांची पावरी मला येत नव्हती, माझी मराठी त्यांना येत नव्हती, म्हणून मी वही घेऊन शब्द लिहून घ्यायचे, पोरंच माझे गुरुजी. तिथे मी चांगली शिक्षिका होते असं मला अजून वाटतं. आणि मग पारोळ्याकडे आले, जिथे सगळे अहिराणी बोलतात, माझी स्वतःची माहेरची भाषा, आणि तिथे मी बिघडले. पावरीला मी दुसरी भाषा समजले, अहिराणीला मात्र चूक समजले.

तिसरीच्या वर्गात निबंध दिला, पावसाळा. एका मुलाने तीन ओळी लिहिल्या. "पानी उनं का आमना घरना पत्रा वाजस. मंग मी नि माय बोलतस नही. पत्राच बोलस." म्हणजे पाऊस आला की आमच्या घराचा पत्रा वाजतो, मग मी नि आई बोलत नाही, पत्राच बोलतो. मी लाल पेन घेतला आणि एकेका शब्दाखाली रेघ मारली, उनं, आमना, वाजस, बोलतस, सगळ्यावर, आणि दहापैकी तीन दिले. आठवड्याने परत तोच निबंध घेतला तेव्हा त्याने फळ्यावरचा उतरवला, पावसाळा हा माझा आवडता ऋतू आहे, पाऊस पडल्यावर सर्वत्र हिरवेगार होते, मोर नाचू लागतात. शुद्धलेखन बरोबर. मी आठ दिले. त्याच्या गावात मोर होता की नाही मला माहीत नाही, पत्र्याचं घर मात्र मी स्वतः पाहिलेलं होतं. तो मुलगा त्यानंतर माझ्या हातून चौथी पास होऊन गेला आणि तसं वाक्य त्याने परत कधीच लिहिलं नाही. हे मी आजही विसरलेले नाही. बरं, त्याला प्रमाण मराठी शिकवायचीच नव्हती का? शिकवायचीच होती, तो माझा पगारच आहे. पण आधी "वा, पत्राच बोलतो, अजून काय काय बोलतो रे?" असं विचारून मग ते मराठीत कसं लिहायचं हे शेजारी बसून दाखवता आलं असतं. दहा मिनिटं लागली असती.

यावर आमच्या भागात लोक हमखास बहिणाबाई चौधरींचं उदाहरण देतात, आसोद्याच्या, कुठे शाळेत गेल्या होत्या, तरी एवढ्या मोठ्या कवयित्री, विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, म्हणजे शाळेने काय होतं. मला हे पटत नाही. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, त्यांची गाणी उरली कारण शिकलेल्या मुलाने, सोपानदेवांनी, ती कागदावर उतरवून घेतली, आणि त्यांच्या बोलीतच उतरवून घेतली. किती बायकांची गाणी जात्याबरोबरच संपली असतील कारण लिहून घेणारं घरात कुणी नव्हतं. म्हणजे शाळा नको असं नाही, सोपानदेवांसारखी लिहून घेणारी शाळा पाहिजे.

आता तुम्ही चौथीचं विचारलंय म्हणून सांगते, हे फक्त तुमच्याच घरचं नाही. अमेरिकेत टॉरन्स नावाचे संशोधक होऊन गेले, मुलांच्या कल्पकतेच्या चाचण्या त्यांच्याच नावाने चालतात, त्यांना 1960 च्या दशकात असं दिसलं होतं की चौथीच्या आसपास बऱ्याच मुलांचे या चाचण्यांतले गुण घसरतात. नंतरच्या लोकांना ही घसरण सगळीकडे सारखी दिसली नाही, पण वर्गात आम्हाला जे दिसतं त्याच्याशी हे जुळतं. नऊ-दहाव्या वर्षी पोरांना दुसरे आपल्याकडे कसं बघतात ते कळायला लागतं, हसतील का, वेगळं वाटेल का, सगळ्यांसारखं असलं की बरं. हे वयाचंच आहे, शाळेवर सगळं ढकलू नका. शाळा काय करते, तर त्या भीतीला मार्कांचा आधार देते.

पोळ्याची एक गोष्ट सांगते. इकडे पोळ्याला पोरं काळ्या मातीचे बैल करायची. काळी माती वाळली की आकसते आणि तडकते, बैलाचा पाय गळून पडतो, हे प्रत्येक पोराला माहीत. एका पोराने घरातला कापूस पिंजून मातीत मळला आणि त्याचा बैल तडकला नाही. कुणी शिकवलं विचारलं तर म्हणे कुणीच नाही, मागच्या वर्षी शेण घातलं होतं, त्याने थोडं जमलं, म्हणून यंदा कापूस. दोन वर्षं चाललेला प्रयोग होता तो. आम्हाला फार कौतुक वाटलं आणि कौतुकाच्या भरात पुढच्या वर्षी शाळेने स्पर्धा ठेवली, पहिला, दुसरा, तिसरा नंबर, सर्टिफिकेट, सरपंचांच्या हस्ते. त्या वर्षी पोरांनी बाजारातून रंगवलेले बैल विकत आणले, काहींचे काकांनी करून दिले. ज्याने कापूस मळला होता त्याने बैल आणलाच नाही, म्हणाला माझा तेवढा भारी नाही.

मला नंतर कळलं की हे 1973 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत अगदी नीट मोजून पाहिलेलं आहे. ज्या मुलांना स्केचपेनने चित्र काढायला मनापासून आवडायचं त्यांच्यातल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर सर्टिफिकेट मिळेल, सोनेरी चांदणी आणि रिबिन लावलेलं. ते दिलं पण. एक-दोन आठवड्यांनी वर्गात परत स्केचपेन ठेवले तर या मुलांनी बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रात घालवला. ज्यांना न सांगता, अचानक सर्टिफिकेट मिळालं होतं त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही. म्हणजे शाबासकी वाईट नाही, आधी दाखवलेलं आमिष वाईट. एकदा का 'याचं काय मिळणार' हे डोक्यात शिरलं की मग तुमची मुलगी विचारते तेच, एक्झामला आहे का.

आता व्यवस्थेबद्दल, कारण तुम्ही सिस्टीम हा शब्द वापरलाय. सिस्टीम कागदावर इतकी वाईट नाही हे लोकांना माहीतच नसतं. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे, त्याच्या कलम 29 मध्ये स्पष्ट लिहिलंय की शिकवणं कृतीतून, शोधातून, मूल केंद्रस्थानी ठेवून असावं, मूल भीतीतून मोकळं असावं, आणि शक्य तिथवर शिकवण्याचं माध्यम मुलाची मातृभाषा असावी. त्याच वर्षी राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, पहिली-दुसरीला तर 70 टक्के वजन वर्षभराच्या आकारिक मूल्यमापनाला, म्हणजे बोलणं, प्रयोग, प्रकल्प, निरीक्षण या सगळ्याला. किती सुंदर विचार आहे हा! पण झालं काय, की निरीक्षणाच्या नोंदी ठेवायच्या म्हणून तयार नोंदींची पुस्तकं बाजारात आली, 'स्वतःहून प्रश्न विचारतो', 'चित्रात विविध रंग वापरतो', ही वाक्यं उतरवून काढायची, मूल न बघताही नोंद होते. प्रकल्पही स्टेशनरीच्या दुकानात मिळायला लागले. 2015 ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम आला तेव्हा आम्ही शाळेच्या फरश्या ऑइलपेंटने रंगवल्या, शब्दचक्र, संख्यारेषा, काही ठिकाणी खरंच पोरं खाली बसून एकमेकांना शिकवायला लागली, काही ठिकाणी फरशी रंगली आणि मास्तर फळ्यापाशीच उभे राहिले.

अलीकडचं म्हणजे पाठ्यपुस्तकातली कोरी पानं. 2023-24 पासून पुस्तकात धड्यानंतर 'माझी नोंद' म्हणून वहीचं पान दिलेलं होतं. मला तर फार आनंद झाला होता, पुस्तकातच मुलाची स्वतःची जागा! मी एका केंद्रसंमेलनात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीत, इतर शाळांची पुस्तकं मुद्दाम चाळून पाहिली, 'माझी नोंद'च्या खाली जिकडेतिकडे फळ्यावरची प्रश्नोत्तरं, सगळ्या मुलांची एकसारखी, नोंद माझी पण वाक्य बाईंचं. 2025 मध्ये ती पानं बंद पण झाली. वरच्या वर्गात तर याच्या पुढचं आहे, दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत 'स्वमत' म्हणून प्रश्न असतो, स्वतःचं मत लिहा, आणि गाईडमध्ये त्याचं उत्तर छापून येतं आणि पोरं ते पाठ करतात. स्वतःचं मत पाठ करणारी पोरं बघितली ना की मला झोप लागत नाही.

शिक्षकांना शिव्या घालणं सोपं आहे पण हेही बघा, 60 पर्यंत पट असला की कायद्याने दोन शिक्षक, आणि वर्ग चार. म्हणजे मी एकाच वेळी पहिली आणि तिसरी सांभाळते, मधे ऑनलाइन माहिती भरा, फोटो अपलोड करा, कुठली तरी बैठक. अशा वेळी 35 पोरांची 35 वेगळी उत्तरं ऐकण्यापेक्षा एक उत्तर फळ्यावर लिहिणं सोपं पडतं, दुष्टपणाने कुणी करत नाही. आणि पालक वही उघडून बघतात ती भरलीय का एवढंच. मी एकदा पंधरा दिवस पोरांकडून फक्त बोलून आणि करून घेतलं तर चार पालक आले, मॅडम वह्या कोऱ्या आहेत, काय शिकवता तुम्ही.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे नाहीतर तुम्ही दुसऱ्या टोकाला जाल. परीक्षा आणि पाठांतर म्हणजे कल्पकतेचा शत्रू असं सरसकट नाही. 'पिसा' नावाची 15 वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी असते, तिच्यात 2022 ला पहिल्यांदा सर्जनशील विचाराची परीक्षा घेतली, 60 पैकी सरासरी 33 गुण आणि पहिला आला सिंगापूर, 41 गुण. सिंगापूर म्हणजे परीक्षेच्या बाबतीत आपल्यापेक्षा कडक देश. आपण त्यात भाग घेतला नव्हता त्यामुळे आपलं काही सांगता येत नाही. पण यातून मला एवढं समजतं की पाढे, वाचन, माहिती हे पक्कं असलेलं मूल जास्त नवीन विचार करू शकतं, कारण विचाराला सामान लागतं. कापूस मातीला धरून ठेवतो हे सुचायला आधी माती आणि कापूस दोन्ही हाताळलेले लागतात. म्हणून "अभ्यास नको, मुक्त सोडा" म्हणणाऱ्या महागड्या शाळांच्या मागे पण धावू नका. मी शिष्यवृत्ती परीक्षेचे तास घेते आणि मनापासून घेते. फक्त चार पर्यायांतून एक काळा गोल करणं एवढंच दिवसभर चालू नये.

अजून एक प्रयोग मला फार जवळचा वाटतो. 2011 मध्ये अमेरिकेत लहान मुलांना एक खेळणं दिलं ज्यात चार गमती लपवलेल्या होत्या. काही मुलांना मोठ्या माणसाने दाखवून दिलं, हे बघ, हे ओढलं की चूं वाजतं. काहींच्या समोर ते चुकून झाल्यासारखं केलं. ज्यांना शिकवून दाखवलं ती मुलं तेच वाजवत बसली आणि लवकर कंटाळली, बाकीच्यांनी उरलेल्या गमती जास्त शोधल्या. शिकवलं की मुलाला वाटतं एवढंच आहे, असतं तर मॅडमनी सांगितलं नसतं का. तेव्हापासून मी नवीन काही वर्गात आणलं, भिंग असो, चुंबक असो, तर दहा मिनिटं तोंड बंद ठेवते. फार अवघड जातं हो ते.

आता तुमच्या घरचं. तुम्ही लिहिलंय की आजी अहिराणी बोलते आणि मुलगी आता आजीच्या बोलण्याला "ओल्ड लँग्वेज" म्हणते. पहिलं तिथेच लक्ष द्या. आजीला सांगा मुद्दाम मराठी-इंग्रजी बोलू नका, तुमचंच बोला. मुलीला एक शंभर पानी वही द्या आणि ठरवून टाका की या वहीत कुणीही चुका काढणार नाही, तुम्हीपण नाही. आजी जे बोलते त्यातलं रोज एक वाक्य तिला जसं ऐकू येईल तसं लिहू दे. मी माझ्या वर्गात हेच करते, शनिवारी 'घरचं वाक्य' म्हणून, ते भिंतीवर लावतो. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी मास्तर होते तेव्हा मुलांसाठी 'विद्यार्थी' नावाचं मासिक काढायचे, त्याच गावच्या बाजूला मी नोकरी केली, आपण निदान भिंत तरी वापरू शकतो असं मनात यायचं.

चित्राचं म्हणाल तर काय काढायचं ते सांगू नका आणि काढल्यावर "वा किती सुंदर" पण म्हणू नका, स्टेटसला तर बिलकुल टाकू नका. विचारा की हे इथे का काढलंस, मग पुढे काय झालं. आणि रोज तिला एक असा प्रश्न विचारा ज्याचं उत्तर तुम्हाला खरोखर माहीत नाही. मुलांना लगेच कळतं की आई परीक्षा घेतेय का खरंच विचारतेय. "भरिताची वांगी भाजताना फुटू नयेत म्हणून काय करता येईल?" असं काहीही, आणि तिने सांगितलेलं एकदा खरंच करून बघा, वांगं वाया गेलं तर जाऊ द्या. ट्युशन किती वाजता सुटते ते तुम्ही लिहिलं नाही, पण संध्याकाळचा एक तास तरी रिकामा, मोबाईलशिवाय पाहिजे. ती कंटाळा आला म्हणून मागे लागेल, आठ-दहा दिवस. लागू द्या.

आणि पालकसभेला जाल तेव्हा मार्कांच्या आधी बाईंना शांतपणे विचारा की माझी मुलगी वर्गात स्वतःहून काय विचारते. भांडायला नाही, माहिती म्हणून विचारा. ज्या बाईंना एक तरी उदाहरण आठवेल, त्या शाळेत मुलगी ठेवायला हरकत नाही, बिल्डिंग कशीही असो. कुणालाच काही आठवलं नाही तर पुढच्या मीटिंगला परत विचारा, दोनदा विचारलं की बाई बघायला लागतात, हा माझा स्वतःचा अनुभव आहे, मलाही एका आजोबांनी असंच दोनदा विचारलं होतं. तरीही वर्षभर काहीच फरक नाही, आणि मुलगी शाळेला घाबरते असं दिसलं, तर मग पाचवीला जाताना शाळा बदलायचा विचार करा, तेव्हा कुठली शाळा बघायची ते आपण बोलू. तोवर ती वहीतली पहिली दहा-पंधरा वाक्यं झाली की मला पाठवा, मला वाचायची आहेत.